म्हशीच्या वतीने सोडलेले दूध

मी दूध सोडले ते दयेपोटी नव्हे, धर्मापोटी नव्हे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तर मुळीच नव्हे. मी ते भारतीय दंड संहितेच्या आधारे सोडले. ही बाब आरंभीच नोंदवण्याचे कारण असे, की पुण्याचे आमचे नातेवाईक सुटीत येतात तेव्हा मला कौतुकाने ‘व्हीगन’ म्हणतात, माझ्या ताटातल्या जवसाच्या चटणीचे फोटो काढतात आणि मी जणू त्यांच्या एखाद्या मंडळाचा जुना सभासद आहे अशा आपुलकीने पाठीवर थाप मारतात. मी कुठल्याही मंडळाचा सभासद नाही. मी एका फिर्यादीचा अर्जनवीस होतो, आणि ती फिर्यादी एक म्हैस होती.

अर्जनवीस हा माझा धंदाच होता. हिंगोलीच्या तहसील कचेरीबाहेर, लिंबाच्या सावलीत, एक डुगडुगते टेबल आणि एक खडखडता टाइपरायटर घेऊन मी अर्धे आयुष्य लोकांचे अर्ज, तक्रारी आणि नोटिशींची उत्तरे लिहीत बसलो. वकिलीची सनद माझ्याकडे नव्हती. वकिलाला लागणारा संताप मात्र मुबलक होता, आणि तो अशिलांच्या कामात पुरता खर्च होत नसल्यामुळे उरलेला मी स्वतःच्या पत्रव्यवहारात वापरीत असे. एसटीची गाडी थांब्याच्या पुढे जाऊनच का थांबते, पंचांगात आमच्या भागाचा सूर्योदय मुंबईच्या हिशेबाने का छापतात, ‘येथे थुंकू नये’ हा फलक पान खाणाऱ्या माणसाकडून का रंगवून घेतला, अशा प्रश्नांवर मी संबंधितांना सविस्तर पत्रे धाडली आहेत. उत्तरे क्वचितच आली. मौन म्हणजे कबुली, असे मानून मी ती सर्व प्रकरणे जिंकलेली आहेत.

आमचे गाव नरसीच्या रस्त्यावर. घरात मी, माझी पत्नी आणि तिची म्हैस. ‘तिची’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे. म्हैस तिला माहेरहून मिळालेली होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत ते स्त्रीधन होते, आणि व्यवहाराच्या भाषेत मला तिच्या शेपटीलाही हात लावण्याची मुभा नव्हती.

नव्वदचे दशक निम्मे सरले असेल. त्या साली म्हैस व्याली, आणि तिचे रेडकू आठवड्याच्या आत मेले. मला हे ठाऊक होते आणि मी रीतसर हळहळलोही होतो. म्हणूनच काही दिवसांनी संध्याकाळच्या जीपमधून उतरून गोठ्याच्या दाराशी आलो, तेव्हा म्हशीपुढे तेच रेडकू उभे पाहून माझ्या अंगावर शहारे आले. म्हैस त्याला मान वळवून वळवून चाटत होती. खाली पत्नी चरवी गुडघ्यांत धरून बसली होती आणि धारा कशा दणदणीत वाजत होत्या!

“अगं, जगलं की हे!” असे ओरडून मी धावलो आणि रेडकाच्या पाठीवर प्रेमाने थाप मारली.

पाठ करकरली. पोटाची शिवण उसवली. माझ्या मुठीत मूठभर पेंढा आला. मग मी पाय पाहिले. चारही काठ्या होत्या.

“हे काय आहे?” मी विचारले.

“काय आसंल? कातड्यात पेंढा भरून घेतलाय. त्याबिगर पान्हा सोडती का ती?”

“म्हणजे हे आपले जिवंत अपत्य आहे, अशी या म्हशीची या क्षणी समजूत आहे?”

“अहो, दूध काढून राहिले मी. काहून वरडून राहिलात? लाथ मारंल ती.”

“आणि त्या समजुतीवर विसंबून ती आपल्या ताब्यातली मालमत्ता तुझ्या स्वाधीन करते आहे?”

“कोन्ती मालमत्ता?”

“दूध!”

पत्नीने धार थांबवून माझ्याकडे पाहिले. मी पेंढ्याची मूठ उंचावून उभा होतो आणि माझ्या डोक्यात कलमे फटाक्यांच्या माळेसारखी तडतडत होती. कोणाला फसवून त्याच्याकडून मालमत्ता काढून घेणे म्हणजे कलम चारशे वीस. येथे फसवणूक आहे, हेतू आहे, मालमत्ता आहे, स्वाधीन करणे आहे. इतका नमुनेदार खटला मला कचेरीच्या दारात एकदाही मिळाला नव्हता, आणि तो माझ्याच गोठ्यात, माझ्याच डोळ्यांसमोर, चरवी भरून फेसाळत होता! खरे सांगतो, संताप आणि आनंद एकाच वेळी इतका झाला, की मला हसू येऊ लागले.

“म्हशीला येडी समजून राहिले का तुमी?” पत्नी म्हणाली. “मेलेल्या लेकराचा वास आईला कळत न्हाई व्हय? बराबर कळतो. पयल्या दिवशी हुंगलं तवाच कळलं तिला. तरी चाटती. काही तरी चाटाया लागतं तिला.”

हा बचाव मी ऐकून घेतला. दाखल करून घेतला नाही. त्या रात्री जेवताना मी जाहीर केले, की फसवणुकीने मिळवलेल्या मालाचा लाभार्थी होणे मला मान्य नाही. सबब आजपासून दूध, दही, ताक, लोणी, तूप आणि या सर्वांपासून बनणारे पदार्थ मला वर्ज्य आहेत.

“मग खाताल काय? वारं?” पत्नीने विचारले आणि माझ्या वाटीतले ताक स्वतः पिऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी मी हा खटला माझ्या शेजारी बसणाऱ्या मुद्रांक विक्रेत्यापुढे मांडला. हा गृहस्थ दिवसभर सुपारी कातरत मला त्रास देण्याच्या संधीची वाट पाहत असे.

“कलमात ‘व्यक्ती’ म्हटलंय, साहेब,” तो म्हणाला. “म्हैस व्यक्ती हाय का?”

“कंपनी कायद्याने व्यक्ती ठरते. देवळातली मूर्ती व्यक्ती ठरते, तिच्या नावावर जमीन असते. कंपनीला शेपूट नाही, मूर्ती चारा खात नाही. म्हशीत काय कमी आहे?”

“वकीलपत्रावर अंगठा कसा घेताल तिचा?”

“खूर घेईन!”

लिंबाखाली जमलेल्या पक्षकारांत इतका हशा पिकला, की कचेरीतला शिपाई बाहेर येऊन आम्हाला गप्प करून गेला. गोष्ट जीपमधून माझ्या आधी गावात पोचली. आणि येथेच, मी कल्पनाही केली नव्हती असे, प्रकरणाला गंभीर वळण लागले. गाव माझ्यावर हसले नाही. गाव पत्नीवर हसू लागले. हातपंपावर बायका तिला ‘चारशेवीस वहिनी’ म्हणू लागल्या. वहिनी, घागर भरताना कोणाला फसवू नका. वहिनी, आज कोणाचं कातडं भरलं?

ती घागर आदळून घरात आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

“आइका. तुमच्या दुधाच्या सोडन्याला मी आडवी येनार न्हाई. भाजीला तेल घालीन, भाकरीला तेल लावीन. पन माझी एक अट हाय. ज्या दिवशी तुमचं अंग मोडंल, त्या दिवशी माझ्या हातानं पेलाभर दूध प्याचं. ह्याच म्हशीचं. आन् पारावर बसून समद्या गावाला सांगायचं, की बाईनं काही गुन्हा केला न्हवता.”

मी अट मान्य केली. तोंडी करार हादेखील करार असतो. त्या दिवसापासून तिचे नाव माझ्या तब्येतीला बांधले गेले. मी खडखडीत राहिलो तर ती गावात चारशेवीस राहणार होती. ती सुटायची तर मला आजारी पडावे लागणार होते. असा करार कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. पतिपत्नीतले करार सहसा पुस्तकांत सापडत नाहीतच.

पहिला हल्ला चहाच्या बाजूने आला. आमच्या भागात दुधाचा थेंब नसलेला चहा फक्त एकाच घरात पाजतात: ज्या घरात कोणी वारले आहे त्या. तो काळा चहा पाहुण्यांनी न बोलता प्यायचा आणि उठताना ‘येतो’ न म्हणता निघायचे, अशी रीत आहे. ही रीत मला ठाऊक होती, पण तत्त्वाच्या भरात ती विसरलो. शेजारच्या गल्लीत साखरपुडा होता. मुलाकडची माणसे सतरंजीवर टेकली होती, सनई नव्हती पण टेपरेकॉर्डर होता, आणि मी भरल्या मांडवात खणखणीत आवाजात म्हणालो, “मला कोरा चहा आणा.”

टेपरेकॉर्डर कोणीतरी बंद केला. मुलाच्या आत्याने पदर तोंडाला लावला. “कोन गेलं वो?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता रडू लागली. तिला रडताना पाहून मुलीची आजी रडू लागली. कारण कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे ज्याला जे दुःख जवळचे वाटले तो त्यावर रडत होता. मी उभा राहून खुलासा करू लागलो, की कोणीही मरण पावलेले नाही, केवळ एक रेडकू, आणि तेही पूर्वीच. त्यासरशी मुलाच्या मामाने पादत्राणे शोधायला सुरुवात केली. शेवटी माझ्या पत्नीने पुढे होऊन सांगितले, “अहो, यांच्या डोक्यावर परिनाम झालाय, बसा समदे,” आणि या एका वाक्यावर सर्वांचे एकमत होऊन साखरपुडा पार पडला. ते लग्न उत्तम चालले आहे. मी प्रत्येक दिवाळीला चौकशी करतो.

त्या दिवसापासून कोणाच्याही घरी गेलो की मी फक्त पाणी मागत असे.

आता प्रश्न अंग मोडू न देण्याचा होता. पत्नी रोज सकाळी मला उजेडात उभा करी, डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाही, जीभ बाहेर काढायला लावी आणि नखे दाबून बघे. पापणी लालभडक असली की ती सुस्कारा सोडी. तो सुस्कारा सुटकेचा होता की निराशेचा, हे मी विचारले नाही.

मी युद्धाची तयारी केली. दूध गेले म्हणजे हाडांना लागणारा चुना गेला, असे शाळेच्या पुस्तकात लिहिले होते. म्हणून तिळाची चटणी, राजगिऱ्याचे लाडू आणि शेवग्याचा पाला आला. रक्तासाठी हिरव्या भाज्या, आणि त्या अंगी लागाव्यात म्हणून वर लिंबू. डाळीशिवाय भाकरी नाही आणि भाकरीशिवाय डाळ नाही. तूर घरची होती. जवस घरचे होते. बांधावर घोळ आणि तरोटा फुकट उगवत होता. मी इतका पाला खात असे, की आमची शेळी माझ्याकडे प्रतिस्पर्ध्याच्या नजरेने पाही. अंगात काय किती जाते आहे याचा खुलासा व्हावा म्हणून मी शासनाच्या एका खात्याला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले, हे त्या खात्याचे मोठेपण. त्यात सोयाबीनला खत कधी घालावे याची माहिती होती.

पण त्यातून मला सोयाबीन सुचले! तेव्हा आमच्याकडे जिकडेतिकडे सोयाबीन होऊ लागले होते. सेनगावपासून हिंगोलीपर्यंत शेते पिवळी. पण ते खात कोणीच नसे. पीक बाजारात, तेल गिरणीत आणि पेंड जनावराला. माणसाने ते शिजवून खावे हे आमच्या गावाला बैलाची वेसण स्वतःच्या नाकात घालण्यासारखे वाटे. मी दाणे रात्रभर भिजवले, सालपटे काढली, वाटले, फडक्यातून पिळले आणि पातेले चुलीवर ठेवले. पांढरेशुभ्र दूध! फसवणूक नाही, पेंढा नाही, काठ्या नाहीत! मी पत्नीला हाक मारायला वळलो, आणि तेवढ्यात ते दूध उठले. उतू गेले म्हणणे अपुरे आहे. ते पातेल्यातून बाहेर पडले, चुलीवर गेले, चुलीतून खाली उतरले आणि फेसाचा एक पांढरा लोळ दाराकडे चालू लागला. शेळी ओरडत अंगणात पळाली.

“काय पाजून राहिले तुमी चुलीला?” पत्नी दारातून म्हणाली. “व्याली का काय ती?”

उरलेल्या दुधाचा चहा मी थर्मासमध्ये भरून कचेरीत नेला. चहात ते फाटले. मुद्रांक विक्रेत्याने एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि मग लिंबाच्या बुंध्याला अर्पण केला. “साहेब,” तो म्हणाला, “म्हशीनं तुमच्यावर उलट फिर्याद केली तर मी तिच्या बाजूनं.” पुढे मी दूध सोडून दाण्यांच्या उसळीकडे वळलो, आणि त्या उसळीच्या आरंभीच्या आठवड्यांत माझ्याकडून कचेरीच्या आवारात जो शांतताभंग झाला, त्याबद्दल अधिक लिहिणे सभ्यतेला धरून होणार नाही. पोटाला सवय लागल्यावर मात्र ती उसळ मला मानवली. दोन वर्षांनी गावात आणखी तीन घरांत ती शिजू लागली. श्रेय कोणी दिले नाही.

आणि मी खडखडीत होतो! हिंगोलीचा जिल्हा झाला त्या दिवशीचा माझा नाच ज्यांनी पाहिला आहे, त्यांना विचारा. परभणीचे हेलपाटे संपले म्हणून सारे शहर गुलालाने माखले होते. जिल्ह्याच्या मागणीचे कितीतरी अर्ज मी याच टाइपरायटरवर बडवले होते. त्यामुळे तो जिल्हा काही अंशी माझाच होता. ढोल वाजत होते, मी टोपी उडवत होतो, आणि मुद्रांक विक्रेता हातात पेढा घेऊन माझ्या तोंडाचा वेध घेत नाचत होता.

“आज तरी खा, साहेब! जिल्हा झाला!”

“जिल्हा झाला म्हणून दंड संहिता रद्द झाली काय?”

मी मान डावीकडे वळवली, त्याने पेढा डावीकडे आणला. मी उजवीकडे, तो उजवीकडे. बघणाऱ्यांना तो नाचाचाच प्रकार वाटला आणि चारपाच तरुण आमच्यासारखेच करू लागले. अखेर पेढा माझ्या कानात गेला. मी खिशातला गुळाचा खडा तोंडात टाकून जिल्ह्याचे स्वागत केले. घरी आल्यावर पत्नीने कान धुऊन दिला आणि सवयीने पापणी ओढून पाहिली. लालभडक.

“झक्कास हाय,” ती म्हणाली आणि चूल फुंकायला गेली. हातपंपावर तिला त्या दिवशीही ‘चारशेवीस वहिनी’ म्हणूनच पेढा मिळाला होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. प्रथम मी टेबलाला दोष दिला, मग जीपला. मग एके दिवशी चप्पल पायातून निघून गेली आणि मी अनवाणी पायाने कचेरीत पोचलो तरी मला कळले नाही. चढण चढताना गरगरू लागले. जिभेला तिखट सोसेना. मुद्रांक विक्रेत्याने पत्नीला निरोप धाडला, की साहेब सरळ रेषेत चालत नाहीत आणि संशय घ्यावा तर ते पीत नाहीत. तिने पापणी पाहिली. फिक्कट नव्हती. तरी तिने म्हशीला चारा टाकला, पदर खोचला आणि मला जीपमध्ये बसवून हिंगोलीला डॉक्टरीणबाईंकडे नेले.

डॉक्टरीणबाई आमची मुलगी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी पायाला सुई टोचून “कळतंय का, काका?” असे विचारले आणि मी “काय?” असे विचारल्यावर त्यांचा चेहरा बदलला. रक्त नांदेडला गेले. काही दिवसांनी अहवाल आला तेव्हा पत्नीही शेजारी बसली होती.

“तुमच्या अंगात बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व जवळजवळ संपलंय,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जे खाता ते उत्तम आहे. पण हे एक त्यात नाही. डाळीत नाही, पाल्यात नाही, तिळात नाही. दुधात असतं, अंड्यात असतं, मांसात असतं.”

पत्नी खुर्चीत सरळ झाली.

“सहा वर्षे मग मी कसा जगलो?” मी विचारले.

“शरीर साठा ठेवतं. तुम्ही जुन्या शिलकीवर जगत होतात. ती संपली.”

“पन बाई, पापनी तर लाल होती!” पत्नी म्हणाली. “मी रोज बघत व्हते.”

“हिरवा पाला इतका खातात ना, त्यामुळे रक्त बरं दिसत राहिलं, काकू. आत नसा वाळत होत्या. आणि हे हसण्यावारी नेऊ नका. उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते. आता याच्या सुया घ्याव्या लागतील.”

माझ्या पत्नीने माझ्याकडे वळून जे म्हटले, ते ऐकून डॉक्टरीणबाईंच्या हातातली लेखणी थांबली.

“म्हंजी सहा वर्सं तुमी मला लाल पापनी दाखवून फसवून राहिले व्हते.”

“मी? मला स्वतःलाच ठाऊक नव्हते! ज्याला सत्य ठाऊक नाही त्याचा फसवणुकीचा हेतू असू शकत नाही. मी निर्दोष आहे!”

“तुमाला ठावं न्हवतं म्हनून तुमी सुटले,” ती शांतपणे म्हणाली. “आन् म्हशीला समदं ठावं व्हतं. मग मी काहून सुटत न्हाई?”

ज्याची फसवणूक झाली म्हणता त्याला सत्य ठाऊक असेल, तर फसवणूक सिद्ध होत नाही. हे तत्त्व मी लिंबाखाली शंभर अशिलांना समजावले होते. गोठ्यात तिने पहिल्याच दिवशी हाच बचाव केला होता. तो दाखल करून घेणे तेवढे राहिले होते.

पण मी सहजासहजी शरण जाणारा नव्हे. मी डॉक्टरीणबाईंची उलटतपासणी सुरू केली.

“हे जीवनसत्त्व म्हैस तयार करते काय?”

“नाही. तिच्या पोटातले सूक्ष्म जंतू तयार करतात.”

“म्हणजे म्हैस ही केवळ अडत्या आहे! माल दुसऱ्याचा, दुकान हिचे! आणि सुईतला माल?”

“तोही जंतूंकडूनच तयार करून घेतात. कारखान्यात.”

“थेट उत्पादकाकडून!” मी टेबलावर हात आपटला. “पेंढा भरलेले जंतू त्यांच्यापुढे उभे करतात काय?”

“काका, जंतूंना आई नसते,” बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता पत्नीकडे वळून त्यांनी सांगितले, की आता ही तूट पेलाभर दुधाने भरून निघणारी नाही. दूध प्यायले तरी सुया घ्याव्याच लागतील, आणि सुयांनंतर दूध न प्यायले तरी गोळी जन्मभर चुकवायची नाही. शिवाय मी सकाळी थोडा वेळ लिंबाच्या सावलीतून उठून उन्हात बसावे.

करारातल्या दुधाची अट अशी निरर्थक ठरली. मी पत्नीकडे पाहिले. मला वाटले होते ती हिरमुसेल.

“दूध ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “दुसरी अट बाकी हाय. पारावरची.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी, सारे गाव परतल्यावर, मी पारावर उभा राहिलो. मुंग्या येणाऱ्या पायांवर उभे राहून भाषण करणे म्हणजे होडीत उभे राहण्यासारखे असते. मी म्हणालो, “सर्व संबंधितांस कळविण्यात येते, की माझ्या पत्नीवर कलम चारशे वीसखाली मी ठेवलेला आरोप, फिर्यादी म्हशीस वस्तुस्थितीची पूर्ण जाणीव होती हे सिद्ध झाल्याने, मी बिनशर्त मागे घेत आहे. माझे इतर सर्व हक्क अबाधित आहेत.”

कोणालाच काही कळले नाही. “म्हंजी काय म्हन्ले वो?” एका म्हातारीने विचारले.

“म्हशीनं तडजोड केली,” पत्नी बायकांतून म्हणाली, आणि पार असा खदखदून हसला, की पिंपळावरची पाखरे उडाली. त्या हसण्यात तीही होती. सहा वर्षांत हातपंपाजवळ ती हसलेली मी पाहिली नव्हती.

घरी येताना तिने विचारले, “मंग आता दूध प्याला काय हरकत हाय तुमाला? गुन्हा तर ऱ्हायला न्हाई.”

“वहिवाट,” मी म्हणालो. “इतकी वर्षे अखंड चाललेली गोष्ट मोडता येत नाही.”

ती कपाळाला हात लावून हसतच राहिली.

सुया चालू झाल्या. मी प्रत्येक सुईला ओरडलो आणि प्रत्येक ओरडण्याचे लेखी समर्थन करायला तयार होतो. गरगरणे थांबले. जिभेला पुन्हा ठेचा सोसू लागला. पाय मात्र हट्टी. ते हळूहळू, माझ्यासारखेच कुरकुरत परत येत होते.

शेवटच्या सुईच्या दिवशी आम्ही दोघे हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर बसलो. मी पाणी मागणार, तोच पत्नी म्हणाली, “दोन कोरा चहा द्या.” दोन! टपरीवाल्याने आमच्याकडे पाहिले, किटली खाली ठेवली आणि आवाज उतरवून विचारले, “कोन गेलं, काकू?”

“चारशे वीस गेलं, बाबा,” पत्नी पापणी न लववता म्हणाली. “लई वर्सं घरात पडून व्हतं.”

“दुखनं व्हतं का?”

“समद्यायलाच दुखनं व्हतं.”

“सुटलं मग बिचारं.” त्याने मान हलवली, दोन कोरे चहा आणले आणि बरणीतून राजगिऱ्याचे दोन लाडू काढून आमच्यापुढे ठेवले. “पैसे ऱ्हाऊ द्या, काकू. दुःखाच्या मान्साला उपाशी सोडत न्हाई मी.”

पत्नीने पदरात तोंड खुपसले. तिचे खांदे हलत होते. टपरीवाल्याला तो हुंदका वाटला आणि त्याने तिसरा लाडू ठेवला.

माझ्या डोक्यात फटाक्यांची माळ पुन्हा पेटली. हे काय चालले आहे? खोटी समजूत! तिच्यावर विसंबून मालमत्ता स्वाधीन करणे! याला तर सत्य ठाऊकही नाही! मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “थांबा! आपण या क्षणी एका गंभीर स्वरूपाच्या…”

बाकाखालून पत्नीने माझ्या पायावर लाथ मारली.

आणि ती मला लागली. सबंध लागली, करंगळीच्या टोकापर्यंत लागली. मी खाली बसलो आणि लाडू खाल्ला.